आई-वडिलांना स्मृतिभ्रंश: दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदानाचा अर्ज नेमका कुठं अडतो

दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवरून परत आलेली माणसं बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतात: "यादीत हा आजारच नाही म्हणे." हे अर्धंच खरं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत आणि त्यात डिमेन्शिया (म्हणजेच स्मृतिभ्रंश) किंवा अल्झायमर हे नाव सुटं कुठंच नाही. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत 'मानसिक आजार' या प्रकाराची व्याख्या वाचा. विचार, मनःस्थिती आणि आकलन यांच्या जोडीला स्थळकाळाचं भान आणि स्मरणशक्ती यांतला मोठा बिघाड, ज्यानं माणसाला रोजचे साधे व्यवहार झेपेनासे होतात, तोही तिथं लिहिलेला आहे. डिमेन्शियाचा अर्ज याच दारानं आत जातो. खिडकीवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्या पानाची प्रत काढून अर्जाला जोडा.

दुसरी अडचण घरातूनच येते. "माझी माय येडी नाही, मानसिक कशाला लिहू?" असं म्हणून लेकरं ऑनलाइन अर्जात 'बौद्धिक अक्षमता' निवडतात. तो प्रकार लहानपणापासून बुद्धीची वाढ कमी असलेल्यांसाठी आहे. त्यात बुद्ध्यांकाची चाचणी होते आणि सत्तर वर्षांच्या, आयुष्यभर शेतीचा हिशोब सांभाळलेल्या माणसाचा अर्ज तिथं टिकत नाही. 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' हा रकानाही मोह पाडतो, पण तो मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन अशा आजारांसाठी आहे. ज्यांना पार्किन्सन असून पुढे विसराळूपणा वाढला, किंवा लकवा मारल्यावर स्मृती गेली, त्यांनी त्या दुखण्याचा प्रकार आणि 'मानसिक आजार' असे दोन्ही लावावेत. मात्र टक्क्यांची साधी बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात दुसऱ्याचा काही भागच मिळवला जातो. एकाचे ५० आणि दुसऱ्याचे ४० असतील तर मिळून ९० नाही, ६८ च्या आसपास होतात. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डानं फसवलं असं वाटतं.

अर्ज केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, एवढ्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. अर्ज मोफत आहे. सेतू केंद्रवाला टायपिंगचे पैसे घेईल, तेवढे ठीक. "टक्के वाढवून देतो" म्हणणारा कुणी दवाखान्याच्या गेटवर भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता मुख्य घोळ. बोर्ड आजाराच्या नावाला टक्के देत नाही. माणसाला काय जमत नाही, त्याला देतं. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाचं मोजमाप वापरतात. त्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. त्यात आजार किती काळापासून आहे याचे १ ते ४ गुण मिळवतात. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची पायरी लागते, आणि ४० च्या खाली गेलं की बहुतेक योजनांचं दार बंद. हा हिशोब नीट बघा. आजार दोन वर्षांच्या आतला असेल तर काळाचा एकच गुण मिळतो, दोन ते पाच वर्षांचा असेल तर दोन. काठावरच्या अर्जात सगळं या एका गुणावर ठरू शकतं, आणि तो गुण तुमच्या जुन्या कागदावरच्या तारखेवर ठरतो.

नेमका हाच कागद कुणाकडे नसतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरच्यांनी 'वय झालं' म्हणून सोडलेली असतात. मग गावातल्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं झोपेची गोळी लिहून दिली, चिठ्ठी हरवली. पुढे शहरात मेंदूचा स्कॅन काढला, त्याची फिल्म पत्र्याच्या पेटीत आहे आणि रिपोर्ट कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही. बोर्डासमोर ठेवायला उरतो एक केसपेपर, आणि त्यावर लिहिलेलं असतं 'अशक्तपणा'. म्हणून अर्ज भरण्याआधी कागद तयार करा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जिल्हा रुग्णालयात आधी बाह्यरुग्ण म्हणून दाखवा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथं जुनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. केसपेपरवर निदान स्पष्ट शब्दांत लिहून मागा आणि आजार अंदाजे कधी सुरू झाला तेही लिहून मागा. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी करून घ्या. हे दोन बिघाड विसराळूपणा आणतात आणि औषधानं पुष्कळदा सुधारतात, म्हणून बोर्ड आधी तेच विचारतं. स्मृतीची चाचणी झाली असेल तर तिचा गुणांचा कागद जोडा. आई-वडील शाळेत गेलेले नसतील तर चाचणीआधीच तसं सांगा, कारण लिहिण्या-वाचण्यावर बेतलेल्या चाचणीत निरक्षर माणूस आजार नसतानाही नापास होतो आणि मग त्या कागदावर कुणाचा भरवसा बसत नाही.

जुने कागद गेलेच असतील तर औषध दुकानाची बिलं, जुना डिस्चार्ज कागद, बाप हरवला म्हणून ठाण्यात दिलेली मिसिंगची नोंद, तारीख असलेलं जे हाती लागेल ते द्या. मिसिंगची नोंद लाज वाटून लोक दाखवत नाहीत. तीच दाखवायची असते.

बोर्डाच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्ज कागदावर नीट असून इथं पडतात. चार माणसांपुढं बसवलं की वडील एकदम ताठ होतात. "रामराम साहेब" म्हणतात, गावाचं नाव सांगतात, रझाकाराच्या वेळची आठवणही सांगतील. घरी संडास कुठं आहे ते त्यांना सापडत नाही, पण डॉक्टरांपुढची पाच-दहा मिनिटं बरी निघून जातात. त्यात शेजारी बसलेला मुलगा आदरापोटी म्हणतो, "तसं बरं हाय, जेवतेत, हिंडतेत." झालं, स्वतःची निगा या सदरात फक्त एक गुण. वडिलांदेखत त्यांच्याबद्दल बोलायला जीभ रेटत नाही, हे समजतं. म्हणून आधीच एक पान लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. त्यात विशेषणं नकोत, घडलेलं लिहा. आंघोळ कोण घालतं, धोतर-लुगडं कोण नेसवतं, जेवल्यावर "मला कुणी वाढलं नाही" असं किती वेळा म्हणतात, रात्री उठून कुठं जायला निघतात, सुनेला ओळखतात का, पैसे मोजता येतात का, गॅस चालू सोडला होता का. काम या सदरात नोकरीच पाहतात असा गैरसमज आहे. पूर्वी जनावरं बघायची, भाकरी थापायची, आता ते जमत नाही, हेही कामच. सोबत मुलगा येवो न येवो, रोज सांभाळणारी बाई यायलाच हवी. बहुतेक ठिकाणी ती सून असते आणि नेमकी तिलाच घरी ठेवून येतात.

दवाखान्याच्या रांगेत अशी माणसं घाबरतात, चिडतात, उठून चालू लागतात. सोबत दोघं असू द्या, एक कागदाला आणि एक माणसाला. खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी विनंती द्या, पोच घ्या. तालुक्याच्या शिबिराला जायचं असेल तर एक दिवस आधी विचारा की मानसोपचारतज्ज्ञ येणार आहेत का. शिबिरात हाडांचे डॉक्टर हमखास असतात, मानसोपचारवाले असतीलच असं नाही. ते नसतील तर तीस किलोमीटरची पायपीट फुकट जाते, आणि हे जाहिरातीत लिहायचं कुणाला सुचत नाही.

ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेलेली घरं विचारतात, की रेशन कार्ड बीडचं आणि आई आमच्याजवळ, अर्ज कुठं करायचा? नियमात दोन्ही वाटा आहेत. पत्त्याच्या पुराव्यातल्या जिल्ह्यात, किंवा या आजारावर जिथं उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं दिव्यांग कार्ड येतं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. प्लॅस्टिकच्या कार्डाची वाट बघत बसू नका, पोर्टलवरून उतरवलेलं ई-कार्ड चालतं. २०२४ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली आहे, म्हणजे चौथ्या महिन्यात गप्प बसायचं कारण नाही.

आता पैशाचं. वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ आणि पुढं श्रावणबाळ. दोन्हींचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत जातो. साधी रक्कम महिना १५०० रुपये, आणि दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये. इथं सगळ्यात जास्त पैसा बुडतो. आईला श्रावणबाळचे १५०० आधीपासून येत असतात, घरात दिव्यांग कार्ड येतं आणि लोक समजतात की रक्कम आपोआप वाढेल. वाढत नाही. कार्डाची प्रत देऊन शाखेत 'दिव्यांग' अशी नोंद करून घ्यावी लागते, आणि त्याची पोच मागावी लागते.

उत्पन्नाची अट कडक आहे: कुटुंबाचं वार्षिक २१ हजार, संजय गांधी योजनेत दिव्यांगांना ५० हजार. नोकरदार मुलाच्या कुटुंबात नाव असेल तर इथंच विषय संपतो, तेव्हा उगाच फेऱ्या मारू नका. शिवाय राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. वयाचा पुरावा हे मराठवाड्याचं जुनं दुखणं. आधारवर १ जानेवारी, शाळेच्या उताऱ्यावर १ जून, मतदार यादीत तिसरंच वय, आणि फार म्हाताऱ्यांचा उतारा सापडलाच तर निजामाच्या काळातला उर्दूतला. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा कोणता कागद टिकेल ते शाखेत विचारून मगच हात लावा. नावाचंही तेच. एका कागदावर भिमराव, दुसऱ्यावर भीमा, पासबुकात इंग्रजी स्पेलिंग भलतंच. अनुदान आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतं, म्हणून हे आधी सरळ करा.

मुलगा आयकर भरणारा असेल तर त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, तीही जुन्या करपद्धतीतच. दिव्यांग आई-वडील अवलंबून असतील तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-डीडी कलमाखाली ७५ हजारांची, आणि ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाखाची वजावट. उपचाराच्या खर्चाची ८०-डीडीबी ही वजावट वेगळी, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत. तिच्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया चक्क नावानिशी आहे, अट ४० टक्क्यांचीच. दिव्यांगांच्या कायद्याला जे नाव सुचलं नाही ते आयकराला सुचलं.

पालकत्वाच्या कागदावरून लोकांना फार फिरवलं जातं. 'राष्ट्रीय न्यासाकडे जा, निरामय विमा काढा' असं कुणी सांगितलं तर जाऊ नका. १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यापुरताच आहे. डिमेन्शियाच्या माणसासाठी मर्यादित पालक (त्याच्याशी विचारविनिमय करून त्याच्या वतीनं कायदेशीर निर्णय घेणारा माणूस) नेमण्याची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, ती जिल्हा न्यायालयातून होते. जमीन किंवा मोठ्या ठेवीचा प्रश्न असेल तरच तिकडे वळा. आजार सुरुवातीला असेल आणि आई-वडिलांना व्यवहार कळत असेल, तर त्यांच्या संमतीनं आत्ताच बँकेत संयुक्त खातं करून घ्या. समज गेल्यावर घेतलेल्या अंगठ्याला कायद्यानं किंमत नाही आणि पुढे भाऊ-भाऊ त्यावरूनच भांडतात.

टक्के कमी मिळाले किंवा अर्ज फेटाळला तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. दिवस कागद हातात पडल्यापासून मोजू नका, कागदावरच्या तारखेपासून मोजा. अपिलात "अन्याय झाला" एवढंच न लिहिता कोणत्या सदरात काय बघायचं राहिलं ते लिहा. आणि प्रमाणपत्र आलं की सगळ्यात आधी 'कायम' आहे की 'तात्पुरतं' ते बघा. हा आजार मागे फिरत नाही, तरी कित्येकांना काही वर्षांचं तात्पुरतंच मिळतं. त्याची मुदत संपते त्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, आणि त्या वेळी सांभाळणाऱ्या सुनेनं लिहिलेलं पान नव्यानं लिहा, कारण तोवर त्यातलं बरंच बदललेलं असतं.