क्षितिज मोजताना मध्ये येणारी हवा

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या उंच कड्यावर उभं राहून समुद्राकडे अगदी आडवी, पाण्याच्या पातळीला समांतर नजर टाकली, तर ती नजर समुद्राला कुठेच टेकत नाही. समुद्र आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ या नजरेच्या किंचित खाली असते. ८० मीटर उंचीवरून हा उतार निव्वळ भूमितीने १७.२ कला भरतो (एका अंशाच्या ६० कला). पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३१ कला असते, म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त.

एवढ्याशा कोनात पृथ्वीची त्रिज्या दडलेली आहे. अकराव्या शतकात अल-बिरूनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच कोन मोजला आणि तो ३४ कला धरला. ना लांबचा प्रवास, ना दोन शहरांतलं अंतर; एक डोंगर आणि एक कोन पुरे. हिशोब थोडक्यात असा: उंचीची दुप्पट करायची आणि तिला उताराच्या वर्गाने भागायचं. उतार म्हणजे दर मीटरला नजर किती मीटर खाली जाते ते.

हे मोजायला थिओडोलाइटच (कोन मोजायची दुर्बीण) पाहिजे असं नाही. गवंडी पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती चालते. समुद्राच्या दिशेने १० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या, नळीचं एकेक टोक एकेका खुंटीला उभं बांधायचं आणि रंगीत पाणी भरायचं. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत येतं. मागच्या खुंटीवर पाण्याच्या पातळीला एक टोकदार सुई लावायची. पुढच्या खुंटीवरची सुई वरखाली सरकणारी हवी. मागच्या सुईच्या मीटरभर मागे डोळा ठेवून, मदतनिसाला सांगून पुढची सुई इतकी खाली आणायची की दोन्ही टोकं आणि क्षितिज एका रेघेत येतील. मग पुढच्या सुईपासून पुढच्या पाण्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. जवळची सुई आणि दूरचं क्षितिज एकदम स्पष्ट दिसत नाही, म्हणून काळ्या कागदाला बारीक छिद्र पाडून त्यातून पाहावं. सूर्य क्षितिजाजवळ असेल तेव्हा हा उद्योग अजिबात करू नये.

यात हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली म्हणजे नळीत अडकलेला बुडबुडा. तो राहिला तर दोन पातळ्या जुळतच नाहीत, म्हणून पाणी एकाच टोकातून सावकाश भरावं. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. एक टोक उन्हात आणि दुसरं सावलीत असेल, एकीकडचं पाणी ३० आणि दुसरीकडचं ४० अंशांवर असेल, तर मीटरभर उभ्या नळीत पातळी साडेतीन मिलिमीटरने चुकते. गरम पाणी हलकं, म्हणून ते जास्त चढतं. उपाय सोपा आहे: उभे भाग आखूड ठेवावेत आणि सगळी नळी सावलीत ठेवावी.

उंचीच्या बाबतीत मोबाइलवर डोळे झाकून विश्वास नको. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या आकाराला बसवलेल्या काल्पनिक लंबगोलापासूनची उंची देतात. दक्षिण भारतात या दोहोंत कित्येक दहा मीटरांचा फरक पडतो. असं ॲप पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूतही उणे आकडा दाखवतं. भरती-ओहोटीचा मीटर-दीड मीटर मात्र ८० मीटरांपुढे फारसा जाणवत नाही.

आता उत्तर. १० मीटरांत ५० मिलिमीटर उतार आला तर त्रिज्या ६४०० किलोमीटर निघते, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण काळजीपूर्वक मोजलं तर ५० येत नाहीत, ४६ च्या आसपास येतात आणि त्रिज्या ७५०० च्या पुढे जाते. दोन मिलिमीटरांची चूक इथे सातशे किलोमीटरांना पडते, म्हणून वीस-पंचवीस वाचनांची सरासरी काढावीच लागते. सरासरी काढूनही आकडा मोठाच येतो, कारण चूक हाताची नसून हवेची आहे.

समुद्रालगतची हवा दाट आणि वरची विरळ. प्रकाश दाट हवेकडे वळतो, म्हणजे त्याची वाट पृथ्वीच्या गोलाईच्याच बाजूला थोडी झुकते. त्यामुळे क्षितिज थोडं दूरचं दिसतं आणि थोडं वर उचललेलं. ८० मीटरांवरून ३२ ऐवजी साधारण ३४.५ किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. प्रकाशाची वक्रता पृथ्वीच्या वक्रतेच्या किती पट, या गुणोत्तराला सर्वेक्षणात अपवर्तन गुणांक म्हणतात (अपवर्तन म्हणजे प्रकाशाचं हे वळणं). जर्मन गणिती गाउसने हानोफरच्या सर्वेक्षणातून काढलेला ०.१३ हा आकडा आजही पाठ्यपुस्तकांत आहे. तो सरासरी आहे हे मात्र पुष्कळदा विसरलं जातं.

खरा गुणांक ठरतो तो उंचीप्रमाणे तापमान किती बदलतं यावर. दर १०० मीटरला तापमान ३.४ अंशांनी उतरत असेल तर घनता सगळीकडे सारखी राहते आणि प्रकाश सरळ जातो. त्याहून जास्त उतरत असेल तर तो उलटा, वरच्या बाजूला वळतो. गोव्याच्या तापलेल्या सड्यावर (पठारावर) दुपारी हेच होतं. जांभ्या दगडालगतची हवा इतकी तापते की जमिनीला चिकटून जाणारी नजर नाचायला लागते. म्हणून लेव्हलिंग करणारे (जमिनीच्या उंचीतला फरक दुर्बिणीने काढणारे) जमिनीपासून अर्धा मीटर तरी वरून वाचन घेतात आणि मागचं-पुढचं अंतर सारखं ठेवतात. उलट, १०० मीटरांत तापमान १४ अंशांनी वाढत असेल तर प्रकाश पृथ्वीबरोबरच वळत जातो आणि क्षितिज खाली झुकलेलं दिसतच नाही.

किनाऱ्यावर याचे दोन्ही नमुने पाहायला मिळतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरचा गार वारा कोमट समुद्रावर जातो. पाण्यालगतची हवा वरच्यापेक्षा ऊबदार होते, क्षितिज नेहमीपेक्षा खाली जातं आणि मुरगावबाहेर नांगरलेली लांबची जहाजं पाण्यापासून सुटून अधांतरी दिसतात. उन्हाळ्यात जमिनीवरची तापलेली कोरडी हवा दमट समुद्री वाऱ्याच्या थरावर पसरते, तेव्हा नेमकं उलटं होतं.

जमीन मोजणाऱ्यांना हा त्रास जुनाच. आग्वाद किल्ल्यावरून मुरगावच्या समुद्रात घुसलेल्या टोकाकडे पाहिलं तर मध्ये सुमारे ९ किलोमीटर पाणी आहे. एवढ्या अंतरात गोलाईमुळे समोरचा बिंदू ६.४ मीटर खाली जातो, हवा त्याला ०.८ मीटर वर उचलते. गुणांक दुप्पट झाला की उंचीत तेवढीच, ०.८ मीटरची चूक. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेघ) मोजून सुरू केलेल्या भारताच्या महासर्वेक्षणात हीच अडचण शेकडो किलोमीटर सोबत राहिली. लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. काम पुढे एव्हरेस्टने चालवलं. रात्री हवेचे थर स्थिरावतात, अपवर्तन वाढतं आणि दिवसा आड असलेली मोजणीची ठाणी वर येऊन दिसू लागतात. आडवे कोन घ्यायला याचा फायदा होतो, उंचीला मात्र घात. उभे कोन दुपारी घ्यायचे, कारण तेव्हा अपवर्तन सगळ्यात कमी आणि त्यातल्या त्यात स्थिर असतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दोन्ही टोकांवरून एकाच क्षणी एकमेकांकडे पाहणं. एकाचा कोन जितका चुकतो तितकाच दुसऱ्याचाही चुकतो आणि वजाबाकीत चूक निघून जाते.

अशी जोडी लावण्याची युक्ती गोव्याच्या सागरी इतिहासातही सापडते. १५३८ मध्ये गोव्याला येताना पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द काश्त्रूने गणिती पेद्रू नुनिशचं सावलीयंत्र वापरून होकायंत्राचा कल, म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते, मोजला. सकाळी आणि दुपारनंतर सूर्य एकाच उंचीवर असताना सावलीची दिशा घ्यायची आणि दोहोंचा मध्य काढायचा. उंची सारखी, म्हणून अपवर्तन सारखं. सूर्य वर उचललेला दिसला तरी उत्तर बदलत नाही. हाच काश्त्रू पुढे गोव्यात राज्यकारभार करायला आला.

आकाश मोजणाऱ्याला ही उचल सूर्यास्ताला सगळ्यात जास्त भोवते. डोक्यावर ती शून्य, ४५ अंशांवर एक कला आणि क्षितिजावर ३४ कला. ३४ कला म्हणजे सूर्याच्या अख्ख्या बिंबापेक्षा जास्त. बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य पुरता खाली गेलेला असतो. समदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास पणजीत सूर्य मिनिटाला साडेचौदा कला उतरतो, म्हणून ही उचल दिवसाला संध्याकाळी दोन मिनिटांहून थोडं जास्त लांबवते आणि सकाळी तेवढंच. मात्र छापील कोष्टकातले ३४ कला १० अंश तापमानासाठी असतात. गोव्याच्या ३० अंशांत हवा विरळ, म्हणून सुमारे ३२ धराव्यात. दूरचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या मावळत्या बिंबाची उंची त्याच्या रुंदीहून पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी भरते, कारण खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. तो चपटेपणा मोजणं हे हवेचा उभा छेद घेण्याचं सगळ्यात स्वस्त साधन.

हवामानशास्त्राने तेच साधन मोठं केलं. पृथ्वीची त्रिज्या आता पक्की माहीत आहे, तेव्हा किरण किती वळला यावरून हवा कशी आहे हे काढता येतं. जीपीएस उपग्रह क्षितिजाआड जाताना दुसरा, खालून फिरणारा उपग्रह त्याचा संदेश ऐकत राहतो आणि वातावरणातून येताना संदेशाला लागलेला सूक्ष्म उशीर नोंदवतो. त्यावरून प्रत्येक उंचीवरचं वळण आणि त्यातून तापमान व बाष्प मिळतं. भारताच्या ओशनसॅट-२ वर २००९ मध्ये असं इटालियन उपकरण गेलं. २०१९ मध्ये सोडलेले कॉस्मिक-२ चे सहा उपग्रह विषुववृत्ताभोवतीच्या पट्ट्यात फिरतात. गोवा त्यांच्या टापूत येतो. प्रकाशाला दमटपणाचं फारसं देणंघेणं नसतं, रेडिओलहरींना मात्र बाष्प फार जाणवतं. त्या ढगांतून पार जातात, म्हणून जुलैतही मोजणी थांबत नाही.

अडतं ते सगळ्यात खालच्या दोनेक किलोमीटरमध्ये. दमट समुद्री थरावर कोरडी हवा बसली की रेडिओलहरी पृथ्वीपेक्षाही जास्त वळून त्या थरात कोंडल्या जातात. मग रडारला शेकडो किलोमीटर पलीकडचे खोटे ढग दिसतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानाचा किनारा उमटला होता, तोही असाच. उपग्रहाच्या बाबतीत कोंडलेले किरण बाहेरच पडत नाहीत आणि गणित तिथलं बाष्प खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून अंदाज वर्तवणाऱ्या प्रणाली या खालच्या भागातल्या आकड्यांना वजन कमी देतात, आणि किनाऱ्यावरच्या त्या थरासाठी फुग्याला बांधून सोडलेल्या उपकरणांवर भिस्त ठेवावी लागते.