दसरा-दिवाळीचा पन्हाळा आणि वारसा यादीचा वाद

सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं की दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत कोल्हापूरची पावलं पश्चिमेकडे वळतात. पाऊस उघडलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, भातं कापणीला आलेली असतात. कुणी राधानगरी-दाजीपूर गाठतं, कुणी गगनबावडा. पण पाहुणे घरी आले असतील तर पहिला मान पन्हाळ्याचा. सकाळी जोतिबाचं दर्शन, दुपारी गड आणि उन्हं कलताना मसाई पठार, हा बेत कित्येक घरांत ठरलेलाच असतो. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा एकत्रित प्रस्ताव होता, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. शहरात आनंद झाला, गडावर मात्र आधीपासून धाकधूक होती. ती का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

शिलाहारांचा गड, सिद्दी जौहरचा वेढा, १६६० मधली आषाढातली ती रात्र हे इथे नव्याने सांगायची गरज नाही. त्यानंतरचा पन्हाळा मात्र फारसा सांगितला जात नाही. ताराराणींच्या काळापासून १७८२ पर्यंत करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्याचा कारभार इथून चालला. राजधानी खाली कोल्हापुरात आली तरी गडावरची वस्ती उठली नाही. १८४४ मध्ये वतनं आणि हक्क धोक्यात आलेल्या गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या पिढीजात राखणदारांनी, बंड केलं. इंग्रजांनी ते मोडून गड घेतला आणि चार दरवाजा पाडून टाकला. आज आपली गाडी थेट वर जाते, ती त्याच बाजूने. लढाऊ गड म्हणून पन्हाळ्याचं आयुष्य तिथे संपलं, गाव म्हणून चालूच राहिलं. थंड हवेसाठी बंगले उठले. शाहू महाराजांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग इथे केले. ताराराणींच्या वाड्यात शाळा आणि सरकारी कचेऱ्या आल्या. पुढे गिरिस्थान म्हणून नगरपरिषद झाली.

म्हणजे एकाच तटाच्या आत सरकारने दोन गोष्टी मान्य केल्या: संरक्षित स्मारकं आणि माणसांनी राहायचं, हॉटेलं चालवायचं थंड हवेचं ठिकाण. सगळा गुंता इथला आहे.

स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. त्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही. मोकळ्या माळावरच्या एखाद्या देवळासाठी हा नियम सोपा आहे. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची कोठारं, सज्जाकोठी आणि भोवतीचा तट एवढ्या अंतरांत आहेत की ही वर्तुळं काढत गेलं तर बंधनाबाहेरची जागा शोधावी लागते. दोन भावांची वाटणी झाली, घरात सून आली, एक खोली वाढवायची आहे, तरी कागद घेऊन खेटे घालायचे. वारसा यादीचं नाव निघण्याच्या कितीतरी आधीपासून ही घुसमट आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास वारसा प्रस्तावासाठी परदेशी तज्ज्ञ पाहणीला आले आणि या घुसमटीला नवं निमित्त मिळालं. आता आम्हाला उठवणार, धंदे बंद करणार, ही चर्चा घराघरांत सुरू झाली आणि यादी जाहीर होण्याआधीच गडावर उघड विरोध झाला. अधिकाऱ्यांनी सांगितलं की कुणालाही हलवणार नाही, नवे निर्बंध येणार नाहीत. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. यादीत नाव गेल्याने कुणाचं घर आपोआप जात नाही. बंधनं येतात ती देशातल्याच कायद्यांतून आणि नामांकनासोबत दिलेल्या व्यवस्थापन आराखड्यातून. तरी भीती निराधार म्हणता येत नाही. हंपीच्या बाजारातली राहती घरं आणि दुकानं २०११ मध्ये पाडली गेली, तेव्हा हंपी यादीत येऊन पंचवीस वर्षं झाली होती.

माझं मत स्पष्ट आहे. पन्हाळा यादीत गेला हे योग्यच झालं, पण गडावरच्या लोकांशी बोलणी फार उशिरा झाली आणि तोंडी झाली. आराखडा मराठीत, गल्लीनिहाय नकाशासह, प्रस्ताव पाठवण्याआधी लोकांसमोर ठेवायला हवा होता. तबक उद्यानाकडे झाडाखाली चूल मांडून बसणारी मावशी भाकरी थापते, झुणक्यावर खर्डा ठेवते आणि मडक्यातलं दही वाटीत काढून देते. कोल्हापूरच्या माणसाला तिच्याशिवाय पन्हाळा आठवत नाही. तिच्या चुलीला आराखड्यात जागा आहे की ती अतिक्रमण ठरते, याचं उत्तर लेखी मिळालं पाहिजे.

डोंगराला अशी बिरुदं लागण्याची ही पहिली वेळ नव्हे. दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं. १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारशात गेलं. २०२० च्या अखेरीस पन्हाळा, विशाळगड आणि गगनबावड्याच्या वनक्षेत्रांनाही संवर्धन राखीव म्हणून मंजुरी मिळाली.

पर्यटनाला खरा फटका बसला तो जुलै २०२१ मध्ये. अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि गाड्या वर जाणं थांबलं. गडाचं पोट एका रस्त्यावर किती अवलंबून आहे, हे तेव्हा व्यापाऱ्यांनी अनुभवलं. आता यादीमुळे गर्दी वाढेल, आणि वरती गाड्या लावायला जागा नाही. ती गर्दी मसाई पठारावर सांडेल हे उघड आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं त्याच थरावर येतात. चारचाकी एकदा फिरली की पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते. गाड्या पठाराच्या अलीकडेच थांबवायचा निर्णय या दसऱ्याच्या आत व्हायला हवा.