बिचवा घडवून घेताना मुठीचे माप कसे द्यावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. ऑर्डर देण्याआधी वाचावे, ही विनंती.)

बिचवा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारख्या वाकड्या पात्याची छोटी कट्यार, कसा असतो हे आमच्याकडे येणाऱ्यांना सांगावे लागत नाही. १६५९ साली प्रतापगडाखालच्या भेटीत वाघनखांबरोबर बिचवाही होता, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून आमच्याकडे चौकशीचे फोनही वाढले. पहिला प्रश्न किमतीचा, दुसरा पात्याच्या लांबीचा. मुठीचे कोणी विचारत नाही, आणि काम नेमके तिथेच अडते.

तलवारीची मूठ थोडी सैल झाली तर दोरा गुंडाळून, कातडे चढवून निभते. बिचव्याची मूठ बंद असते. लोखंडी पट्टी वळवून लांबट वळसा करतात. त्यातून चार बोटे आत जातात, अंगठा बाहेर राहतो, आणि पट्टीची पुढची बाजू बोटांच्या मधल्या पेरांवरून जाते. वळसा मोठा झाला तर हाताच्या झटक्याला बिचवा मुठीत फिरतो. लहान झाला तर बोटे सोलतात, नाहीतर आतच जात नाहीत.

बहुतेक जण काय करतात, तर कागदावर पंजा पसरून ठेवतात, पेनने कडेकडेने रेघ ओढतात आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फोटोत फूटपट्टी नसते ही एक गोष्ट. पण पट्टी ठेवली तरी ते माप आमच्या उपयोगाचे नाही. मूठ आवळली की बोटे एकमेकांना चिकटतात आणि रुंदी कमी होते. उलट पेरे पुढे येतात आणि खोली वाढते. पसरलेल्या पंजावरून केलेला वळसा त्यामुळे लांबीला जास्त आणि खोलीला कमी भरतो.

माप असे घ्या. झाडूचा नाहीतर खराट्याचा दांडा घ्या, पाऊण ते एक इंच जाडीचा. ज्या हातात बिचवा धरणार, त्याच हाताने तो नेहमीच्या जोराने आवळून धरा आणि मोजायचे काम दुसऱ्याला करू द्या. तर्जनीच्या बाहेरच्या कडेपासून करंगळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ही झाली लांबी. दांडा मुठीबाहेर निघतो तिथे गुण्या (काटकोनी पट्टी) लावून, दांड्याच्या मागच्या कडेपासून बोटांच्या पुढच्या बाजूपर्यंत ही झाली खोली. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. अंगठी रोज घालत असाल तर घालूनच मोजा. आणि कृपा करून “थोडे जास्त धरलेले बरे” असे करू नका. खेळती जागा आम्ही ठेवतोच. दोघांनी ठेवली की मूठ ढिली होते.

भेट द्यायची असेल तर ज्याला द्यायची त्याचा हात मोजा, म्हणजे गुपित राहणार नाही. फक्त दिवाणखान्यात लावायचा असेल तर मापाची गरज नाही, पण तसे आधी सांगा. मर्दानी खेळाच्या आखाड्यासाठी वस्ताद एकगठ्ठा मागणी करतात. त्यांना आम्ही लहान, मध्यम, मोठी अशा तीन मुठींत बोथट धारेचे, गोल टोकाचे बिचवे देतो.

चुकलेली मूठ बदलायची म्हणजे रिव्हेट कापून वळसा सोडवावा लागतो. तो तापवून ठोकून मोठा करता येतो, पण मग त्याची भोके पात्याच्या बुडातल्या भोकांशी जुळत नाहीत. म्हणजे नवी पट्टी, नवे वळण, नवी घासाई. पाते तेच राहते, म्हणून त्याचे पैसे पुन्हा लावत नाही, मुठीचे लावतो. “एवढ्याशा बदलाला एवढे?” हे ऐकावे लागते, म्हणून आधीच छापून ठेवले आहे.

आता पात्याबद्दल. पोलाद कमानपाट्याचेच (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचे), पण गाडीवरून उतरलेला पाटा आम्ही घेत नाही. वापरलेल्या पाट्यात बारीक भेगा दडलेल्या असतात आणि पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते कडक होण्यासाठी एकदम थंड करताना, उघड्या पडतात. पाणी तेलात देतो, कारण साध्या पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते. नंतर हलकी आच देऊन कडकपणा उतरवतो. आच लागते तसा पात्याचा रंग बदलतो; पिवळसर रंगावर थांबलो तर धार जास्त दिवस टिकेल, पण पातळ, दुहेरी बाकाचे टोक झटक्याला मोडेल. म्हणून जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत नेतो. यात्रेत मिळणारे चकचकीत बिचवे आमच्यापेक्षा स्वस्त असतात हे खरे. त्यांना पाणी दिले आहे का, एवढे विक्रेत्याला विचारून पाहा. स्टेनलेसमध्ये आम्ही करत नाही. त्याला तापमान नेमके राखणारी विजेची भट्टी लागते, आमची कोळशाची आहे.

नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, म्हणून आम्ही साडेआठ इंचांवर थांबतो. घासाघीस करू नये. त्याहून लहान असला तरी कमरेला लावून गावात फिरू नका; पोलिसांचे मनाईआदेश वरचेवर निघत असतात. मिरवणुकीची परवानगी मंडळाने काढायची.

गंजाची तक्रार बहुधा दसऱ्यानंतर येते. खंडेनवमीला पूजा होते आणि ओले हळदकुंकू रात्रभर पात्यावर राहते, त्याखाली ठिपके धरतात. पूजा झाली की पुसा, खोबरेल नको, मशीनचे तेल लावा, आणि म्यानाबाहेर ठेवा. कातड्यात ओल राहते.

माप घेण्याची खात्री नसेल तर आम्ही लाकडी नमुना-मूठ कुरिअरने पाठवतो. हातात धरून पाहा, सैल-घट्ट काय ते फोनवर सांगा आणि परत पाठवा. अनामत बिलातून वळती होते. १९ फेब्रुवारीला बिचवा हवा असेल तर माप डिसेंबरअखेर आमच्याकडे पोहोचले पाहिजे. तिथीने शिवजयंती करणाऱ्यांना थोडी सवड मिळते. ६ जूनला रायगडावर नेणाऱ्यांनी मार्चअखेर कळवावे. माप आल्याशिवाय भट्टी पेटवत नाही.