मध्यम पातळीची चिनी शिकायला तैवान: हुआयू शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करायचा

एचएसके (चीनची अधिकृत चिनी भाषा परीक्षा) पातळी ३ किंवा ४ झालेली आहे, पण पुढची बॅच भरतच नाही, अशी अडचण असेल तर तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू एनरिचमेंट स्कॉलरशिप बघा. ती पदवीसाठी नाही, फक्त भाषेसाठी आहे. उन्हाळी वर्ग २ महिन्यांचा. एरवी ३, ६, ९ महिने किंवा १ वर्ष, मोजणी सप्टेंबरपासून. मध्यम पातळीवाल्यांनी ९ महिन्यांच्या खाली मागू नये असं माझं मत. आपण सहसा चीनमध्ये चालणारी, सोपी केलेली अक्षरं शिकलेले असतो, तिथे पारंपरिक लिपी चालते. ती नजरेत बसेपर्यंतच तीन महिने निघून जातात.

पात्रता सोपी आहे: वय १८ पूर्ण, किमान बारावी. तैवानमध्ये आधीच शिकत असाल किंवा ही शिष्यवृत्ती पूर्वी घेतली असेल, तर अर्ज चालत नाही.

अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो आणि इथेच बरेच जण गडबडतात. एक, विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त भाषा केंद्राकडे, उदाहरणार्थ तैपेईतल्या नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं १९५६ पासून चालू असलेलं मँडरिन केंद्र. दुसरा, नवी दिल्लीतल्या तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरच्या शिक्षण विभागाकडे, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुसऱ्या अर्जाला पहिल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून केंद्राचं काम जानेवारीतच उरका.

कागदपत्रं: भरलेला अर्ज, पासपोर्टची प्रत, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र व गुणपत्रिका, केंद्राकडे केलेल्या अर्जाची प्रत, शिफारसपत्रं, अभ्यासाचा आराखडा आणि असेल तर भाषेचं प्रमाणपत्र. तैवानची स्वतःची परीक्षा टॉकफल. तिचा ‘बी’ बँड म्हणजे मध्यम पातळी. आराखड्यात ‘चिनी संस्कृतीची आवड’ वगैरे लिहून जागा घालवू नका. आज काय वाचता येतं, कुठे अडतं आणि परतताना कोणती पातळी हवी, ते लिहा.

नावाकडे नीट बघा. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी असतं, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

प्रमाणपत्राचं साक्षांकन मागितलं तर एजंट सवयीने अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का) करून आणतो. तैवान हेग करारात नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, शेवटी तैपेई सेंटरचा शिक्का, असा क्रम लागतो.

निवड झाली की दरमहा ठरावीक रक्कम मिळते. बरीच वर्षं ती २५,००० तैवानी डॉलर होती. यंदाचा आकडा जाहिरातीत बघा. फी आणि राहणं त्यातूनच भागवायचं, विमानाचं तिकीट आपलं. आठवड्याला किमान १५ तास वर्ग सक्तीचे. सत्राची सरासरी ८० च्या खाली गेली किंवा महिन्यात १२ तास दांडी पडली, की एका महिन्याचे पैसे बंद.

सुरुवातीला बहुधा व्हिजिटर व्हिसा मिळतो. चार महिने सलग शिकल्यावर आणि पुढची नोंदणी असल्यास रेसिडेंट व्हिसासाठी अर्ज करता येतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना पहिलं वर्षभर वर्क परमिट मिळत नाही. तेव्हा पार्टटाइम नोकरीचा हिशेब धरू नका; पहिला हप्ता हातात येईपर्यंतचं भाडं आणि जेवणखाण घरच्या पैशांतूनच काढावं लागतं.