परतीची गाडी

आमची आत्या खानापूर तालुक्यात राहते. वय ७८. महिन्याला बीपी तपासायला बेळगावला जाते. माझा भाऊ मोटरसायकलवरून नेऊन आणतो. बेळगावजवळच्या कडोली गावातल्या साहित्य संमेलनाला मात्र तीन वर्षं गेलेली नाही. विचारलं तर म्हणते, “जातो, खरं परत यायचं कसं?”

वाहन मिळेनासं झालं तरी दवाखाना, बँक, रेशन कसंबसं होतंच, कुणीतरी नेतं. आधी सुटतं ते भजन, बारसं, वाचनालय, मैत्रिणीचं घर. त्यासाठी ‘मला ने’ म्हणायला म्हातारं माणूस संकोचतं. पण हे जाणंयेणं चैनीचं नव्हे. १४८ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१० च्या एका संशोधनात, माणसांशी घट्ट संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. आत्याचं तिकीट सुटलं, पायरी राहिली. बसची पहिली पायरी चढताना सगळं वजन क्षणभर एका मांडीवर येतं, आणि ते झटक्यात उचलावं लागतं. वयाबरोबर स्नायूंतले वेगवान तंतू जास्त झिजतात, त्यामुळे ताकदीपेक्षा हा झटका आधी कमी होतो. सपाट रस्त्यावर दोन फर्लांग चालणारी आत्या म्हणूनच दांडा धरून पायरीशी अडते. मागचे लोक ढकलतात, कंडक्टर शिट्टी मारतो. ती बसायच्या आत गाडी हलली तर तोल जातो. अपघात न होताही बसमध्ये अशी कितीतरी म्हातारी माणसं पडतात. चालकाने पाच-दहा सेकंद थांबणं हा यावरचा अगदी बिनखर्चाचा उपाय, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाटी कन्नडमध्ये असते. मराठी शाळेत शिकलेली आत्या ती वाचू शकत नाही, “गाडी कुठली ओ?” विचारेपर्यंत गाडी निघते.

शिवाय अंधार. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक-तृतीयांश उजेड पोचतो. दिवा नसलेल्या थांब्यावरून घरी येताना खड्डा दिसत नाही.

इंग्लंडमध्ये २००६ पासून ज्येष्ठांना स्थानिक बस मोफत झाली. पुढे तिथल्या संशोधकांना बस वापरू लागलेल्यांत उदासीची लक्षणं घटलेली दिसली. पण त्यासाठी थांब्यावर गाडी यावी लागते. आत्याच्या रस्त्यावरची शेवटची गाडी साडेसहाला जाते. शेजारच्या गावातलं एकादशीचं भजन आठनंतर रंगतं.