३८ अणू आणि दोन दऱ्या

संगणकाने काढलंय म्हणजे ते सर्वांत चांगलंच उत्तर असणार, असं आपण सहज धरून चालतो. हा समज किती कच्चा आहे, हे अरगॉनचे ३८ अणू फार छान दाखवतात.

दोन अरगॉन अणू थोड्या अंतरावरून एकमेकांना ओढतात, फार जवळ आले की ढकलतात. त्यासाठी लेनार्ड-जोन्स यांचं साधं सूत्र आहे. प्रश्न एवढाच: ३८ अणू कसे रचले तर एकूण ऊर्जा सर्वांत कमी होईल? ऊर्जेचा डोंगराळ मुलूख डोळ्यांपुढे आणा: प्रत्येक जागा म्हणजे अणूंची एक रचना, तिथली उंची म्हणजे त्या रचनेची ऊर्जा. कायम उताराकडेच पाऊल टाकलं, तर जवळच्या खळग्यात अडकायला होतं. शिवाय इथे दोन मोठ्या दऱ्या आहेत. अणूंच्या एका जोडीची बंधऊर्जा १ धरली, तर रुंद दरीचा तळ उणे १७३.२५ वर आहे. तिथली रचना वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीवर बेतलेली. अरुंद दरीत गोठलेल्या अरगॉनच्या स्फटिकासारखी रचना, आणि तिचा तळ उणे १७३.९३. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, पण बहुतेक शोध रुंद दरीतच उतरतात.

१९९७ साली डेव्हिड वेल्स आणि जोनाथन डोय यांनी ‘बेसिन-हॉपिंग’ वापरून ही अरुंद दरी गाठली. सगळे अणू जरा हलवायचे, मग घसरत थेट तळाशी जायचं आणि नव्या तळाची तुलना जुन्या तळाशी करायची. मधले चढ मोजायचेच नाहीत. डोंगरांच्या जागी पायऱ्या उरतात. खालची पायरी मिळाली तर घ्यायचीच. वरची मिळाली तर १९५३ चा मेट्रोपोलिसचा नियम लावायचा: ऊर्जेतली वाढ भागिले ‘तापमान’ (म्हणजे किती चढ सोसायचा ते ठरवणारा आकडा), त्याचा उणे घात ई (सुमारे २.७१८) या संख्येला द्यायचा; येते ती पायरी स्वीकारण्याची शक्यता. तापमान ०.८ असेल, तर १ एककाने वरची पायरी १०० पैकी साधारण २९ वेळा स्वीकारली जाते, ४ एककांनी वरची हजारात सुमारे ७ वेळा. किती बिघडू द्यायचं याचंही गणित असावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं!

हे तापमान हळूहळू उतरवायची युक्ती कर्कपॅट्रिक, गेलॅट आणि वेची यांनी १९८३ मध्येच मांडली होती. पाक सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात, तसंच.

‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो आणि उत्तम ते हातात देतो’ अशा बातम्यांवर मात्र विसंबू नका. मोजणी केली की एकच उत्तर हाती येतं. ते चांगलं निघण्याची शक्यता वाढवणं हेच खरं अवघड काम.

३८ अणूंच्या अरुंद दरीला ‘ग्लोबल मिनिमम’ म्हणतात, तेही आतापर्यंत सापडलेला सर्वांत खोल तळ या अर्थाने.