गुन्हा आणि शिक्षेचे अर्थशास्त्र

गुन्हा, शिक्षा आणि राजवट यांचे नाते लाभ-खर्चाच्या हिशोबाने तपासणारी अर्थशास्त्राची शाखा. कायदा मोडून मिळणारा फायदा एका पारड्यात आणि पकडले जाण्याची शक्यता गुणिले शिक्षेचे ओझे दुसऱ्या पारड्यात, अशी तिची मूळ मांडणी आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ साली ती गणिती रूपात केली. १९९२ चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या व्यापक कामासाठी मिळाले, त्यात या विषयाचाही समावेश होता. बीज मात्र जुने आहे. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीचा धाक मोठा असतो, हे इटलीच्या चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहून ठेवले होते.

ग्रामीण विदर्भात या शास्त्राचे सर्वांत बोलके उदाहरण कपाशीच्या शेतात सापडते. तणनाशक सहन करणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या कपाशीच्या लागवडीला केंद्राची परवानगी नसतानाही तिचे बियाणे गावोगाव पोचले. लोक त्याला ‘चोरबीटी’ म्हणतात. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ नुसार या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. कागदावर ती जबर दिसते. पण कास्तकाराचा हिशोब वेगळ्या आकड्यांवर चालतो. पाऊस लागून राहिला की डवरणी (ओळींमधली कोळपणी) होत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, तणात दबते. हा तोटा डोळ्यांसमोर उभा असतो. उलट हजारो धुऱ्यांवर फिरून प्रत्येक पऱ्हाटी तपासणे कोणत्याही खात्याला शक्य नसते. शिक्षा पाच वर्षांची असो की दहा, शक्यताच शून्याजवळ असेल तर गुणाकारही शून्याजवळच राहतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, अकोली जहागीर येथे, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे जाहीरपणे पेरले. तेथे लपवाछपवी नव्हती. कायदाच चुकीचा आहे असे सांगण्यासाठी पत्करलेली ती जोखीम होती आणि बेकरच्या सूत्रात अशा कृतीला सहज जागा सापडत नाही. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या कलमातली कैद काढून तिच्या जागी पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला.

या व्यवहारातली खरी शिक्षा न्यायालयाबाहेर होते, हे अभ्यासकांनी अधिक लक्ष देऊन पाहायला हवे. चोरबीटीची पावती नसते. बियाणे उगवले नाही किंवा भलतेच निघाले, तर ग्राहक आयोगाकडे काय घेऊन जाणार? विकणारा नामानिराळा राहतो आणि हंगाम गेलेला माणूस तक्रारही करू शकत नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. बंदीचा भार असा सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन पडतो.

बेकर यांच्या मांडणीत दंड ठरवणारे शासन समाजाचे एकूण नुकसान कमीत कमी राखू पाहते. प्रत्यक्षातले राज्यकर्ते तसे असतातच असे नाही, आणि येथूनच राजवटींचा अभ्यास सुरू होतो. डेव्हिड फ्रीडमन यांनी १९९९ मध्ये दाखवले की दंड वसूल करणाऱ्यालाच त्यातून कमाई होत असेल, तर निरपराध माणसाला अडकवण्याचा मोहही वाढतो. मॅन्सर ओल्सन यांनी १९९३ मध्ये भटका लुटारू आणि ठाण मांडून बसलेला लुटारू असा भेद केला. भटका सारे ओरबाडून पुढे जातो. ठाण मांडणाऱ्याला पुढच्या वर्षीही वसुली करायची असते, म्हणून तो रयतेला थोडे जगू देतो, इतर लुटारूंना अडवतो.

वऱ्हाडचा इतिहास या भेदावर नेमके बोट ठेवतो. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा या मुलखावर जम बसला, पण नागपूरकर भोसल्यांचाही महसुलात वाटा होता. या दुहेरी अंमलाला ‘दुअमली’ म्हणत. वसुलीला दोघे, जबाबदारी कुणा एकाची नाही. ओल्सनच्या भाषेत सांगायचे तर ठाण मांडलेले दोघे असले की दुसऱ्यासाठी रयत राखून ठेवण्यात पहिल्याला फायदा उरत नाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडाच्या बहुतेक भागावरचा हक्क संपला. पेंढाऱ्यांचा उपद्रव मात्र १८१७-१८ च्या इंग्रजांच्या मोहिमेपर्यंत चालू होता.

राजवट शिक्षेची शक्यता लोकांत कशी वाटून देते, याचा सर्वांत क्रूर दाखला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. या कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले. पारध्यांवर बसलेला तो शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही. अमरावती-यवतमाळकडच्या बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, आजही गावात चोरी झाली की पहिला संशय येतो. हा अन्याय आहे, आणि अर्थशास्त्राच्या कसोटीवर तो निरर्थकही ठरतो. चोरी केली तरी पकडणार आणि नाही केली तरी पकडणार, तर सचोटीने वागण्याचा फायदा उरतो कुठे? निरपराधाला शिक्षा होण्याची शक्यता वाढली की धाक वाढत नाही, कमी होतो. ही गोष्ट सूत्रातून दोन ओळींत सिद्ध होते. तरी पोलिसी व्यवहारात ती उतरत नाही.

दारूबंदीबाबत संशोधनाचा सूर सावध आहे. बेकर, केव्हिन मर्फी आणि मायकेल ग्रॉसमन यांनी २००६ मध्ये मांडले की मागणी सहजी न हटणारी असेल, तर कडक बंदोबस्ताने भाव वाढतो आणि चोरट्या धंद्यात जाणारा पैसाही वाढतो. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. मात्र बंदी मागणाऱ्या बायांच्या हिशोबात घरातली मारहाण आणि लेकरांच्या तोंडचा घास असतो. बाजारभावाच्या आलेखात तो दिसत नाही.

गुन्ह्याची व्याख्याच बदलली की काय होते, हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले. वसाहतकालीन वनकायद्याने बांबू ‘झाड’ ठरला आणि तो परवान्याशिवाय तोडणारा गावकरी गुन्हेगार. वनहक्क कायदा, २००६ ने बांबूला गौण वनोपज मानले. मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच हाती होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या ग्रामसभेने ते मागून घेतले, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते तिच्या हाती आले. तेव्हापासून बांबूचा वाहतूक परवाना गावच देते.